तापसंवेदी जेल आणि उष्ण प्रदेश : द्रव आणि जेल यांच्यामधील तापमानाचा आढावा

पाण्यात विरघळलेले एखादे बहुवारिक, म्हणजे लहान रेणूंच्या हजारो एककांची जोडणी होऊन बनलेली लांब रेणुसाखळी, ठरावीक तापमानाखाली पातळ द्रव राहते, ते तापमान ओलांडताच काही सेकंदांत किंवा मिनिटांत आळून घट्ट जेल होते, आणि थंड केल्यावर पुन्हा पूर्ववत पातळ होते, ही घटना गेल्या अर्धशतकात औषधनिर्माण, पेशीसंवर्धन, धातुकाम आणि वास्तुनिर्मिती अशा दूरदूरच्या क्षेत्रांत अभ्यासली गेली आहे. अशा पदार्थांना तापसंवेदी बहुवारिके म्हणतात आणि ज्या तापमानाला हा बदल घडतो त्याला संक्रमण-तापमान म्हणतात. या विषयावरचे बहुतेक लेखन 'संक्रमण-तापमान कोणत्या रसायनाने साधता येईल' या प्रश्नाभोवती फिरते. ते कोणत्या हवेत मोजायचे आणि कोणत्या हवेत उपयोगात आणायचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रयोगशाळेतील खोली २० ते २५ अंश सेल्सिअस आणि मानवी शरीर ३७ अंश, या दोहोंमधील बारा ते सतरा अंशांच्या फटीत संपूर्ण शास्त्र उभे राहिले आहे. रायपूरला लागून असलेल्या, उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांच्या शेजारच्या बीरगांवात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते, म्हणजे तेथे दुपारची हवा शरीरापेक्षा अधिक उष्ण असते आणि ती फट मिटून उलटी होते. या आढाव्यात सगळा विषय याच बाजूने तपासला आहे.

तापमानाने आळणाऱ्या पदार्थांचे दोन वर्ग आहेत. जिलेटिन आणि अगर, म्हणजे स्वयंपाकघरातील चायना ग्रास, हे गरम असताना पातळ आणि थंड झाल्यावर घट्ट होतात, कारण थंडीत त्यांच्या साखळ्या एकमेकींत पीळ घालून जाळे बांधतात आणि उष्णतेने तो पीळ सुटतो. दुसऱ्या वर्गाचे वर्तन याच्या नेमके उलट आहे, आणि आधुनिक संशोधनाचा बहुतेक भर त्याच वर्गावर आहे. उष्णतेने आळणे ही कल्पना तशी अनोळखी नाही, चिकाचे दूध वाफवले की खरवस होतो. परंतु खरवसातील प्रथिने एकदा उलगडून एकमेकांत गुंतली की थंड केल्याने पुन्हा दूध होत नाही, तर तापसंवेदी बहुवारिकांत हा प्रवास दोन्ही दिशांनी आणि पुनःपुन्हा घडू शकतो. मिथिलसेल्युलोज हे याचे सर्वांत जुन्या परिचयाचे उदाहरण होय. वनस्पतीच्या सेल्युलोजवर रासायनिक क्रिया करून बनवलेले हे चूर्ण थंड पाण्यात विरघळते, साधारण ५० ते ६० अंशांना त्याचे द्रावण आळते आणि निवल्यावर पुन्हा पातळ होते. वनस्पतिजन्य 'मांस' म्हणून विकल्या जाणाऱ्या टिक्क्या तव्यावर फुटत नाहीत, यामागे याच गुणधर्माचा हात असतो.

उष्णता दिल्यावर पदार्थ अधिक विरघळावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, मग ही बहुवारिके पाण्यातून बाहेर का पडू पाहतात, याचे उत्तर बहुवारिकापेक्षा पाण्यात अधिक सापडते. अशा साखळीवर पाण्याशी हायड्रोजन-बंध करणारे जलस्नेही गट असतात आणि पाण्याला नकोसे असलेले, तेलासारखे जलद्वेषी गटही असतात. जलद्वेषी गटाभोवती पाण्याचे रेणू एका विशिष्ट शिस्तीत रचले जातात, आणि या शिस्तीमुळे पाण्याची एंट्रॉपी, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणाचे माप, कमी होते. कमी तापमानाला हायड्रोजन-बंधांतून मिळणारा ऊर्जेचा लाभ ही किंमत भरून काढतो. तापमान वाढत जाते तसे एंट्रॉपीचे वजन वाढते, कारण मुक्त ऊर्जेच्या समीकरणात एंट्रॉपीला तापमानाने गुणलेले असते, आणि एका टप्प्यावर पाण्याला ती शिस्त सोडणे सोयीचे ठरते. तेव्हा पाणी साखळीपासून सुटते, जलद्वेषी भाग एकमेकांजवळ येतात, साखळी आक्रसते आणि द्रावण गढूळ होते. हे गढुळणे ज्या किमान तापमानाला सुरू होते त्याला 'निम्न क्रांतिक द्रावण-तापमान' असे नाव आहे. येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण लोकप्रिय लेखनात तो पुसला जातो. साखळी आक्रसून द्रावण गढूळ होणे आणि संपूर्ण द्रावणाचे जाळे बनून ते न वाहणारे जेल होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली घडली म्हणून दुसरी घडेलच असे नाही, आणि सांद्रता पुरेशी नसेल तर बहुवारिक फक्त साक्याच्या रूपात तळाशी बसते.

या शाखेचा मूळ पदार्थ म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलअमाइड, ज्याचे संक्रमण-तापमान ३२ अंशांच्या आसपास आहे. टोरोंटो विद्यापीठातील हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये त्याच्या जलीय द्रावणाचे वर्तन पद्धतशीरपणे मांडले. त्यानंतर १९७८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तोयोइची तानाका यांनी आडव्या बंधांनी कायमच्या जोडलेल्या जेलचे आकारमान परिस्थितीतील किंचित बदलाने शेकडो पटींनी, आणि तेही एकदम, कोसळू शकते हे दाखवले. बाष्प आणि द्रव यांच्यामधील अवस्थांतराचे जे गणित भौतिकशास्त्राला ठाऊक होते, तेच गणित एका लिबलिबीत पदार्थाला लागू पडते, हा त्या शोधाचा खरा अर्थ होता. त्यामुळे हा विषय रंग आणि डिंकांच्या कारखान्यांतून उचलला जाऊन मूलभूत विज्ञानाच्या मंचावर आला.

पुण्याच्या पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे काम याच टप्प्यावर सुरू होते, आणि मराठी वाचकाला ते आजच्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असायला हवे. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात या प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यांच्यासोबत एम. जी. कुलकर्णी, एम. व्ही. बडिगेर आणि आशिष लेले यांनी जेलांच्या भौतिकीवर आणि उपयोगांवर सातत्याने काम केले. १९९२ मध्ये या गटाने 'स्वेलेक्स' नावाची प्रक्रिया मांडली. मोठे रेणू असलेल्या विरल जलीय द्रावणात कोरडे जेल टाकले तर ते पाणी आणि लहान रेणू शोषून फुगते, मोठे रेणू मात्र त्याच्या जाळ्यात शिरू शकत नसल्याने बाहेरचे द्रावण सांद्र होत जाते. नंतर जेल बाहेर काढून त्याला संक्रमण घडवले की ते पाणी ओकून आक्रसते आणि पुन्हा वापरता येते. प्रथिने आणि विकरे यांसारख्या उष्णतेने बिघडणाऱ्या पदार्थांना उकळून आटवता येत नाही, त्यामुळे न उकळता पाणी काढून घेण्याच्या या कल्पनेचे औद्योगिक महत्त्व उघड आहे.

याच प्रयोगशाळेचे दुसरे योगदान अधिक मूलगामी होते. जेल केव्हा आणि किती कोसळेल याचे भाकीत करणाऱ्या जुन्या सिद्धान्तांत हायड्रोजन-बंधांना स्वतंत्र स्थान नव्हते, आणि तापमानावर अवलंबून असलेला सगळा खेळ तर त्या बंधांवरच चालतो. लेले, बडिगेर, माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हायड्रोजन-बंध लक्षात घेणारे ऊष्मागतिकीय प्रारूप मांडले. पुढे १९९८ आणि २००० मध्ये, शायनी वर्गीस यांच्यासह, जलस्नेही आणि जलद्वेषी घटकांचे प्रमाण रेणूच्या पातळीवर बदलून नवी उष्णता-प्रतिवर्ती जेले कशी रचता येतात याचे विवेचन त्यांनी प्रसिद्ध केले. या कामाचे सार असे की संक्रमण-तापमान हा निसर्गाने एकदा ठरवून दिलेला आकडा नाही. साखळीत जलस्नेही घटक वाढवले की पाण्याशी असलेली ओढ वाढून ते तापमान वर सरकते, जलद्वेषी घटक वाढवले की खाली येते, आणि कोणत्या प्रमाणात किती सरकेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. उष्ण प्रदेशाच्या दृष्टीने या संपूर्ण शाखेतील सर्वांत मोलाचे वाक्य हेच आहे, कारण आकडा बदलता येत असेल तर तो कोणत्या हवेसाठी बदलायचा हे ठरवण्याची जबाबदारी त्या हवेत राहणाऱ्यांवर येते.

जपानमध्ये या ज्ञानाला वेगळे वळण मिळाले. तेरुओ ओकानो यांच्या गटाने १९९० च्या सुमारास पेशी वाढवण्याच्या बशीच्या तळावर, केवळ १५ ते २० नॅनोमीटर जाडीचा, पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलअमाइडचा थर बसवला. ३७ अंशांना हा थर आक्रसलेला आणि जलद्वेषी असल्याने पेशी त्याला चिकटून वाढतात; बशी २० अंशांपर्यंत थंड केली की थर पाणी पिऊन फुगतो आणि पेशींचा सलग पदर, कोणतेही विकर न वापरता, अखंड सुटून येतो. या पद्धतीने रुग्णाच्याच तोंडाच्या आतील अस्तरापासून वाढवलेले पदर निकामी झालेल्या डोळ्याच्या पारपटलावर बसवल्याचा ओसाका येथील डॉक्टरांचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार रुग्णांचा समावेश होता. हृदयासाठी तयार केलेल्या अशाच पेशी-पदराला जपानने २०१५ मध्ये सशर्त मान्यता दिली, परंतु पुढील माहितीतून परिणामकारकता सिद्ध होत नसल्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये तेथील तज्ज्ञ समितीने काढला. तंत्र सुंदर असणे आणि रुग्ण बरा होणे यांत अंतर असते, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा या निर्णयात दिसतो.

द्रव ते जेल हा बदल औषधाच्या रूपात सर्वाधिक वापरला गेला तो पोलोक्सामर ४०७ या बहुवारिकाच्या आधारे. त्याच्या साखळीच्या दोन्ही टोकांना पाण्याची आवड असलेले पॉलिइथिलीन ऑक्साइडचे लांब भाग आणि मध्ये पॉलिप्रोपिलीन ऑक्साइडचा जलद्वेषी भाग असतो. वजनाने सुमारे ७० टक्के हिस्सा जलस्नेही असतो. तापमान वाढले की मधला भाग पाणी सोडतो आणि अनेक साखळ्या एकत्र येऊन मायसेल नावाचे गोलाकार पुंजके करतात, ज्यांच्या गाभ्यात जलद्वेषी आणि बाहेर जलस्नेही भाग असतात. द्रावणात १५ ते २० टक्के बहुवारिक असेल तर या पुंजक्यांची इतकी गर्दी होते की ते एकमेकांना खेटून ठरावीक रचनेत अडकतात आणि द्रव वाहणे थांबते. येथे साखळ्यांमध्ये कोणताही रासायनिक बंध तयार होत नाही, म्हणूनच थंडाव्याने सगळे पुन्हा सुटते. हे द्रावण तयार करण्याची रीतही या गुणाला धरून आहे. चूर्ण कोमट पाण्यात घातले तर गुठळ्या होतात, म्हणून ते चार-पाच अंशांच्या पाण्यात हळूहळू भुरभुरवून, रात्रभर शीतकपाटात ठेवून विरघळवतात.

या पदार्थाचा औषधी विचार भाजलेल्या जखमांपासून सुरू झाला, ही गोष्ट भट्ट्या आणि रोलिंग मिलांच्या परिसरात विशेष लक्ष देण्याजोगी आहे. इरविंग श्मोल्का यांनी १९७२ मध्ये पोलोक्सामर ४०७ च्या जेलचा 'कृत्रिम त्वचा' म्हणून उपयोग सुचवला. थंड द्रव भाजलेल्या भागावर ओतला की शरीराच्या ऊबेने तो जागीच आळतो, जखमेचे खाचखळगे भरून काढतो, आणि मलमपट्टी सोलून काढताना होणाऱ्या वेदना टाळून थंड पाण्याने धुऊन टाकता येतो. त्यानंतर या तत्त्वावर प्रत्यक्ष मान्यता मिळालेली औषधे आली. कानाच्या पडद्यात नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेवेळी वापरायचे सिप्रोफ्लॉक्सॅसिनयुक्त 'ओटिप्रायो' अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाले. मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील कमी आक्रमक कर्करोगावर मायटोमायसिन हे औषध तापसंवेदी जेलमध्ये मिसळून देणारे 'जेलमायटो' २०२० मध्ये मान्य झाले. मूत्रामुळे साधे द्रावण काही मिनिटांत वाहून जाते. हे मिश्रण मात्र बर्फासारखे थंड असताना नळीतून आत सोडले जाते, आत आळते, भिंतींना धरून राहते आणि काही तासांत हळूहळू विरघळत औषध सोडते. ७१ रुग्णांच्या मुख्य चाचणीत सुमारे ६० टक्के रुग्णांमध्ये गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या. ज्या रोगात पूर्वी मूत्रपिंडच काढावे लागण्याची शक्यता असे, तेथे हा परिणाम मोठा आहे.

या यशाच्या वर्णनात 'थंड' हा शब्द किती वेळा येतो याकडे लक्ष दिले तर उष्ण प्रदेशाची अडचण आपोआप समोर येते. पोलोक्सामरच्या २० टक्के द्रावणाचे आळण्याचे तापमान साधारण २० ते २५ अंशांदरम्यान येते. ते जानेवारीत रायपुरात द्रव असेल, पण एप्रिलपासून पावसाळा सुरू होईपर्यंत, आणि नंतरही बहुतेक दिवस, औषधाच्या दुकानातील फळीवर ते बाटलीतच आळलेले असेल. भारतात असंख्य औषधांवर '३० अंशांखाली ठेवावे' अशी सूचना छापलेली असते आणि ती येथे अपुरी पडते, कारण २८ अंशांना सूचनेचे पूर्ण पालन होऊनही डोळ्यात घालायचे थेंब बाटलीतून बाहेर येणार नाहीत. शीतकपाटात, म्हणजे २ ते ८ अंशांना ठेवण्याची अट घातली तर प्रश्न कागदावर सुटतो. पत्र्याच्या छताखालील एका खोलीत, जेथे शीतकपाट नाही किंवा वीज जाते-येते, तेथे तो सुटत नाही, आणि उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांचे वास्तव्य अशाच घरांत असते. औषधांच्या टिकाऊपणाची चाचणीही येथे अडते. दीर्घकालीन साठवणीची चाचणी थंड देशांत २५ अंशांना आणि भारतात ३० अंशांना घेतली जाते, तर जलद चाचणी ४० अंशांना होते. तापसंवेदी द्रावण या तिन्हींपैकी किमान एका तापमानाला द्रव अवस्थेत नसतेच, त्यामुळे चाचणीतून नेमक्या कोणत्या पदार्थाचा टिकाऊपणा मोजला गेला हे अहवालात स्पष्टपणे नोंदले गेले पाहिजे.

आळण्याचे तापमान वर सरकवणे हा पहिला उपाय. पोलोक्सामर ४०७ मध्ये त्याचाच अधिक जलस्नेही भाऊबंद पोलोक्सामर १८८ योग्य प्रमाणात मिसळला की हे तापमान वाढते. क्षार मिसळले की कमी होते. डोळ्याच्या औषधांत आणखी एक घटक विचारात घ्यावा लागतो तो अश्रूंचा. सुमारे ४० मायक्रोलिटरचा थेंब सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रूंत मिसळतो, द्रावण विरळ होते आणि त्याचे आळण्याचे तापमान वाढते, म्हणून अभ्यासक या ४०:७ प्रमाणात कृत्रिम अश्रू मिसळून दोन्ही तापमाने मोजतात. डोळ्याचा पृष्ठभाग ३४-३५ अंशांचा असतो, तेव्हा अश्रूंत मिसळल्यानंतरही ३४ अंशांखाली आळणारे आणि बाटलीत मात्र ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारे द्रावण अत्यंत अरुंद फटीत बसवावे लागते. बीरगांवच्या मे महिन्यात बाटलीचेच तापमान ३८ अंश असेल तर अशी फट गणितानेही शिल्लक राहत नाही. केवळ तापमानावर विसंबलेले डोळ्याचे औषध उष्ण प्रदेशात खोलीच्या तापमानाला साठवता येणार नाही, हा निष्कर्ष येथे टाळता येत नाही.

म्हणून दुसरे उपाय अधिक आशादायक वाटतात. त्यांपैकी एक म्हणजे तापमानाच्या जोडीला दुसरी कळ वापरणे. गेलन हे जिवाणूंपासून मिळणारे बहुवारिक अश्रूंतील क्षारांच्या आयनांमुळे आळते आणि हवेच्या उष्णतेचा त्याच्यावर तसा परिणाम होत नाही. दुसरा उपाय औषध दोन भागांत ठेवण्याचा आहे. सन २००० मध्ये शेनाइट आणि त्यांच्या कॅनडातील सहकाऱ्यांनी, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानच्या आम्लधर्मी द्रावणात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट मिसळले की ते शरीराच्या तापमानाला आळते, असे दाखवले. हे दोन भाग वेगळे ठेवून वापराच्या वेळी मिसळता येत असल्याने साठवणीचा प्रश्न बराच सौम्य होतो. तिसरा उपाय विचारांची दिशाच उलटवतो. युटा विद्यापीठातील जियाँग, बे, ली आणि किम यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले जैवविघटनशील बहुवारिक ४५ अंशांच्या आसपास द्रव होते आणि शरीराच्या तापमानाला निवल्यावर आळत होते. थंड देशांत औषध टोचण्यापूर्वी ते गरम करावे लागणे ही गैरसोय मानली गेली, आणि त्याच गटाने नंतर उष्णतेने आळणारी रूपे विकसित केली. ज्या प्रदेशात वर्षातील कित्येक महिने गरम पाणी बर्फापेक्षा सहज मिळते, तेथे ती सोडून दिलेली वाट पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहे.

छत्तीसगढच्या संदर्भात सर्वांत रोचक पदार्थ मात्र चिंचोक्यात आहे. चिंचोक्याच्या पिठीपासून मिळणारे झायलोग्लुकन हे बहुवारिक सूतगिरण्यांत आणि कापड-उद्योगात खळ म्हणून फार पूर्वीपासून वापरले जाते. त्याच्या साखळीला बाजूने लोंबणाऱ्या गॅलॅक्टोज शर्करेमुळे ते पाण्यात विरघळलेले राहते. विकराच्या साहाय्याने त्यातील सुमारे ३५ टक्के गॅलॅक्टोज काढून टाकले की साखळ्या उष्णतेने एकत्र येऊ लागतात. विशेष असे की ते एका तापमानाला आळते आणि त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला पुन्हा पातळ होते. जपानमधील अभ्यासानुसार ३५ टक्के गॅलॅक्टोज काढले असता आळण्याचे तापमान ४० अंशांच्या आसपास असते आणि ५८ टक्के काढले असता ते ५ अंशांपर्यंत उतरते. एक-दोन टक्के इतक्या अल्प सांद्रतेलाही जेल बनते, तर पोलोक्सामरला १५-२० टक्के लागतात. मियाझाकी, अ‍ॅटवुड आणि कावासाकी यांनी १९९८ पासून या जेलचा औषधवाहक म्हणून अभ्यास केला. बस्तरमधील जगदलपूर हे चिंचेच्या व्यापाराचे देशातील एक मोठे केंद्र आहे. तेथे गोळा होणाऱ्या चिंचेतील गर विकला जातो आणि चिंचोका तुलनेने कमी भावात जातो. चिंचोक्यापासून औषधी दर्जाचे झायलोग्लुकन बनवणे आणि गॅलॅक्टोजचे प्रमाण या प्रदेशाच्या हवेला अनुसरून ठरवणे, हे काम रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील औषधनिर्माण संस्थेसारख्या जवळच्या संस्थांच्या आवाक्यातील आहे. कच्चा माल, विकर-तंत्रज्ञान आणि गरज या तिन्ही गोष्टी येथे एका राज्यात जुळतात, आणि असा योग या विषयात इतरत्र सहसा दिसत नाही.

औषधाबाहेरच्या उपयोगांत चित्र पालटते, आणि त्याचे कारणही तापमानाच्या अंतरातच आहे. पोलाद कडक करण्यासाठी तापलेला भाग एकदम निववतात. पाण्यात बुडवला तर पृष्ठभागाशी वाफेचे आवरण बनते, ते कुठे टिकते आणि कुठे फुटते, निवणे असमान होते आणि भागाला तडे जाण्याचा धोका असतो. तेलात बुडवला तर धूर आणि आगीचे भय असते. १९६० च्या दशकापासून यावर पॉलिअल्किलीन ग्लायकोल या बहुवारिकाचे पाण्यातील द्रावण वापरले जाते. पोलोक्सामरचेच हे नातलग साधारण ७० ते ७५ अंशांच्या वर पाण्यातून बाहेर पडते. लाल तापलेला भाग बुडवला की त्याच्या भोवतीच्या थरात बहुवारिक वेगळे होऊन धातूवर पातळ पडदा धरते, उष्णता संयमित गतीने बाहेर पडते, आणि भाग निवल्यावर पडदा पुन्हा द्रावणात विरघळून जातो. यात हौदाचे तापमान ४० अंशांच्या आत ठेवले की काम होते, कारण संक्रमण-तापमान उन्हाळ्यातील हवेपेक्षाही तीस अंश दूर आहे. सिलतरा-उरल्याच्या रोलिंग मिलांत तयार होणाऱ्या बांधकामाच्या टीएमटी सळ्यांना साध्या पाण्याचे फवारे पुरतात, तेथे या द्रावणाची गरज नाही. गिअर, आस आणि घडीव सुटे भाग यांच्या उष्णता-प्रक्रियेत त्याचे स्थान आहे. तापसंवेदी बहुवारिक उष्ण प्रदेशात अडचणीचे ठरते ते संक्रमण-तापमान हवेच्या तापमानाला खेटून असेल तेव्हाच, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

कोळशाच्या खाणींतील स्वयंज्वलनावरही याच तर्काने काम चालू आहे, आणि कोरबा परिसरातील कोळसापट्ट्यामुळे छत्तीसगढला त्यात रस असायला हवा. चीनमधील संशोधकांनी मिथिलसेल्युलोजवर आधारित अशी द्रावणे तपासली आहेत की जी थंड असताना भेगांत खोलवर शिरतात आणि तापलेल्या कोळशाजवळ पोचताच आळून हवेची वाट बंद करतात. ५०-६० अंशांचे संक्रमण-तापमान येथे सोयीचे ठरते, कारण भेगांत शिरेपर्यंत द्रावण पातळ राहते. खिडक्यांच्या बाबतीत मात्र पुन्हा जुनी अडचण समोर येते. दोन काचांमध्ये ३२ अंशांना संक्रमण होणारे बहुवारिक भरले की ऊन वाढताच खिडकी दुधाळ होऊन उष्णता अडवते, अशी रचना सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात २०२० मध्ये द्रव जेलच्या रूपात मांडली गेली. मार्च ते जून या काळात रायपूरची दुपारची हवा बहुधा ३२ अंशांच्या वरच असते, त्यामुळे ती खिडकी दिवसाचा बराच वेळ पांढरीच राहील आणि खोलीत उजेडासाठी दिवे लावावे लागतील. जलस्नेही घटक वाढवून हा आकडा ३८ ते ४० अंशांवर नेता येतो, आणि पुण्यातील संशोधनाने त्याची रीत पंचवीस वर्षांपूर्वीच सांगितली आहे.

मर्यादा सांगितल्याशिवाय आढावा पूर्ण होत नाही. पोलोक्सामरचे जेल कमकुवत असते, शरीरातील द्रवांत ते विरळ होऊन तासांत किंवा दिवसांत नाहीसे होते, आणि महिनोन्‌महिने औषध सोडण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलअमाइड शरीरात विघटन पावत नाही आणि त्याचा मूळ एकरेणू विषारी आहे, म्हणून पन्नास वर्षांच्या अभ्यासानंतरही ते शरीरात टोचण्यापेक्षा बशीच्या तळावरच अधिक उपयोगी ठरले आहे. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगविरोधी औषधाचा साठा गाठीतच सोडणारे 'ऑन्कोजेल' अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या चाचणीत अपेक्षित लाभ दाखवू शकले नाही. यावरून हे तंत्र निष्फळ ठरत नाही. औषध योग्य जागी टिकवून ठेवणे आणि त्या जागी त्या औषधाने रोग हटणे हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि जेल त्यांपैकी पहिल्याचेच उत्तर देते.

भारतातील औषधनिर्माण महाविद्यालयांत तापसंवेदी जेलांवर दरवर्षी मोठ्या संख्येने प्रबंध लिहिले जातात, आणि त्यांतील आळण्याचे तापमान बहुधा वातानुकूलित खोलीत तयार केलेल्या ताज्या द्रावणावर मोजलेले असते. या संशोधकांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना आवाहन असे आहे की त्यांनी हेच माप ४५ अंशांना काही दिवस ठेवलेल्या, पुन्हा निववलेल्या आणि पुन्हा तापवलेल्या द्रावणावरही घ्यावे, बाटलीत आळलेले औषध शीतकपाटाशिवाय किती वेळात पातळ होते याची नोंद करावी, आणि उत्पादकांनी अशा प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर साठवणीच्या सूचनेशेजारी त्याचे आळण्याचे तापमान ठळक अक्षरांत छापावे.